स्क्रू ड्रायव्हरला दिवा कशाला?

खोपोलीच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानासमोर उभे राहिले की हल्ली एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. साधी हत्यारे मागे गेली आहेत आणि दिवेवाली हत्यारे पुढे आली आहेत. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीत दिवा, ड्रिलच्या तोंडाशी दिवा, मोजायच्या टेपला दिवा. इतकेच काय, शिवण उसवायच्या बोटभर हत्यारालाही दिवा. मुले बटण दाबून पाहतात, पुरुष मोहात पडतात, आणि पैसे मोजायची वेळ आली की घरातली बाई विचारते, "हे कशाला?"

आमच्या घरात हा प्रश्न मीच विचारला. हे कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या फार्म हाऊसवर वायरिंग आणि पाण्याच्या मोटारींची कामे करतात. मी घरी शिलाई करते. बुरखे, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश. दोघांचीही कमाई हाताची आणि डोळ्याची. यांनी पन्नाशी ओलांडली आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी बॅटरीवर चालणारे, दिवा असलेले ड्रिल हप्त्यावर घ्यायचे त्यांनी ठरवले. घरात फी, किराणा आणि दादीचे औषध अशी यादी आधीच मोठी असताना ही गरज आहे की फिजूलखर्ची, हे मला समजून घ्यायचे होते.

उजेडाच्या बाबतीत आमचा भाग तसा नशीबवान म्हणायला हवा. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. घाटावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली यायचे, त्यावर वीज तयार व्हायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांकडे जायची. कर्जतजवळच्या भिवपुरीचे केंद्र १९२२ चे. म्हणजे शंभर वर्षांपासून वीज इथे बनते. पण पावसाळ्यात एखादे झाड तारेवर आडवे झाले की मगरिबनंतर आमच्याच घरात मेणबत्ती शोधावी लागते. आणि बिघाड दुरुस्त करायला बोलावणे येते तेही नेमके वीज गेल्यावरच. विहिरीवरची पंपाची खोली, जिन्याखालचा मीटर, पोटमाळ्यावरची टाकी, या जागा दिवसाही अंधाऱ्या. तेव्हा उजेड लागतो, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की तो कुठे असावा.

सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात मांडले, की डोळ्यातून किरण बाहेर पडून वस्तू दिसत नाही. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात येतो म्हणून ती दिसते. २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा जगाने त्यांच्या या कामाची आठवण केली. आपल्या घरकामातही त्यांचे म्हणणे रोज उपयोगी पडते. वस्तूवर उजेड पडला पाहिजे आणि तो परत आपल्या डोळ्यापर्यंत आला पाहिजे. मध्ये हात आला, हत्यार आले की सावली. म्हणून दिवा किती मोठा आहे यापेक्षा तो कुठून पडतो, हे आधी पाहावे.

दिवेवाल्या हत्याराची बाजू इथे खरोखर भक्कम आहे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याच जागेवर पडणारा उजेड चौथा हिस्साच उरतो. छतावरचा बल्ब आठ फुटांवर असतो, ड्रिलचा दिवा वीतभर अंतरावर. त्यामुळे हरभऱ्याएवढा दिवाही कामाच्या जागी भरपूर उजेड देतो. ड्रिलची मोठी बॅटरी तो दिवसभर जाळत राहिला तरी तिला फारसे जाणवत नाही, कारण मोटर जे खाते त्यापुढे दिवा काहीच खात नाही. शिवाय वय झाले की डोळ्याची बाहुली लहान होते, आतले भिंग पिवळट होते, आणि त्याच कामाला जास्त उजेड लागतो. विशीतल्या पोराला जो दिवा गंमत वाटतो, तो पन्नाशीतल्या कारागिराला आणखी काही वर्षे काम करू देतो. हे पटल्यावर मी ड्रिलला हो म्हटले.

पण दुकानात दिवे नीट पाहून घेतले. काही ड्रिलचा दिवा बटणाच्या वर, अगदी तोंडाखाली असतो. त्यात बिट पकडणाऱ्या जबड्याची सावली नेमकी भोकाच्या जागेवर पडते. काहींचा दिवा खाली बॅटरीजवळ असतो. तो जरा लांबून आणि पसरून पडतो. काहींना तोंडाभोवती तीन दिवे असतात, एकाची सावली दुसरा पुसतो. आणखी एक गोष्ट तपासावी. काही ड्रिलचा दिवा बटण दाबून मोटर फिरू लागली की मगच लागतो. भोक कुठे पाडायचे हे बघायला उजेड हवा असतो आधी, भोक पडल्यावर त्याचा काय उपयोग? बटण अलगद दाबताच लागणारा आणि सोडल्यावर काही क्षण राहणारा दिवा घ्यावा.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीतल्या दिव्याचे मात्र माझे मत वेगळे आहे. त्यात बटणाएवढे लहान सेल असतात. ते लवकर संपतात, आमच्या पावसाळी हवेत गळतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात. नवा सेल आणायला कोणी जात नाही. मग दिवा नसलेला, पण मूठ पोकळ असलेला स्क्रू ड्रायव्हर घरात उरतो. स्वस्त पांढऱ्या दिव्यांत लाल रंगही नीट उठत नाही. लाल, तपकिरी आणि काळी वायर एकसारखी वाटू लागते. वायरिंगच्या कामात हा दोष साधा नाही.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. असा बटण-सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते. 'उद्या शीवाटे पडेल' म्हणून थांबू नये, थेट दवाखाना गाठावा. ज्या वस्तूचे सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, ती बाळाच्या घरात आणूच नये, मग ते हत्यार असो की खेळणे.

दिवा असलेले एक हत्यार मात्र जवळपास प्रत्येक घरात वर्षानुवर्षे आहे आणि त्याला कोणी चैन म्हटले नाही. ते म्हणजे टेस्टर. त्याच्या मुठीतला निऑनचा लहानसा दिवा काम दिसावे म्हणून नसतो, करंट आहे की नाही हे सांगायला असतो. आत मोठा रेझिस्टन्स असल्याने आपल्या अंगातून अगदी नगण्य करंट जातो आणि दिवा लागतो. पण दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही, असे धरू नये. दिवा गेलेला असू शकतो, भर उन्हात तो दिसत नाही, कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असलो तर मंद होतो. ओला टेस्टर तर हातातही धरू नये. यांच्या चाचांनी यांना शिकवले होते, की टेस्टर आधी चालू असलेल्या बोर्डात लावून बघायचा, मग कामाच्या वायरीला, आणि मग पुन्हा चालू बोर्डात. मधला निकाल तेव्हाच खरा. घरातल्या मुलामुलींना हे एकदा करून दाखवावे.

माझ्या शिलाईचीही गोष्ट सांगते. माझ्या मशीनला सुईच्या वर दिवा आहे. गणवेशाच्या पांढऱ्या कापडाला तो छान पुरतो. बुरख्याच्या काळ्या कापडावर काळा धागा मात्र त्या उजेडात दिसतच नाही, कारण तो सरळ वरून पडतो. मी टेबलावरचा छोटा दिवा डाव्या बाजूला, कापडाच्या जवळजवळ पातळीवर ठेवते. उजेड आडवा पडला की प्रत्येक टाक्याची बारीक सावली उमटते आणि काळ्यावर काळी शिवण उठून दिसते. उसवायला बसले तरी हीच युक्ती. मशीनमधला दिवा वाईट नाही, पण त्याची जागा कंपनीने ठरवलेली आहे. माझ्या दिव्याची जागा मी ठरवते.

हीच गोष्ट यांच्या कामात फार मोठी ठरली. गेल्या जुलैत कर्जतकडच्या एका फार्म हाऊसवर विहिरीची मोटर बंद पडली. आमचा तेरा वर्षांचा मुलगा सुट्टी म्हणून सोबत गेला होता. पूर्वी तो बॅटरी धरायला जायचा. आता ड्रिलला दिवा होता, डोक्याला बांधायचाही होता, तेव्हा "तू नुसता बस" असे त्याला सांगितले होते. पण मुलगाच तो, बॅटरी घेऊन इकडेतिकडे मारत राहिला. यांनी मेन स्विच पाडला, स्टार्टरचे झाकण काढले आणि आतल्या स्क्रूवर लक्ष लावले. यांच्या दोन्ही दिव्यांचा उजेड त्या स्क्रूवरच होता. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "अब्बा, तुमच्या कोपराजवळची वायर सोललेली आहे." उंदराने कुरतडलेली ती वायर खोलीच्या दिव्याची होती, आणि तो दिवा इन्व्हर्टरवर होता. मेन बंद असूनही तिच्यात करंट होता. टेस्टर लावला तर लखकन पेटला. बोटभर अंतर राहिले होते. अलहम्दुलिल्लाह, दोघे संध्याकाळी घरी आले आणि जेवताना हळू आवाजात मला हे सांगितले. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

तेव्हापासून मी यावर विचार करते. हत्यारातला दिवा हत्यार जिथे पाहते तिथेच पाहतो. डोक्यावरचा दिवा मान वळेल तिथे पाहतो. पण काम करणाऱ्याची मान कामात अडकलेली असते. बाजूला उभा राहून बॅटरी धरणारा मात्र उरलेली सगळी जागा पाहतो. आणि तो नुसता पाहत नाही, शिकतो. आपल्याकडे किती कारागीर असेच घडले! हे स्वतः बाराव्या वर्षी चाचांची बॅटरी धरायचे. "इकडे नाही, तिकडे मार," "माझ्या हातावर नको, नटावर मार," असे ऐकता ऐकता कोणता नट आधी सुटतो, कोणती वायर कुठे जाते, हे डोळ्यात बसले. बोलणी खाल्ली, पण हुनर हाती आले. प्रत्येक हत्याराला दिवा लागला आणि म्हणून पोराला घरी बसवले, तर हात मोकळा होतो खरा, पण शिकायची एक जागा बंद होते. हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही.

उजेडाचे मोल आमच्या तालुक्याने एकदा फार जवळून पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडी जाणारा रस्ता नव्हता, मोठी यंत्रे चढवता येत नव्हती. माणसे पावसात, चिखलात, काळोखातून बॅटरीच्या उजेडात चढली आणि कुदळ-फावड्यांनी माती उपसू लागली. अंधार आणि पावसाने शोध थांबवावा लागे, उजाडले की पुन्हा सुरू होई. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. अशा वेळी डोक्याला बांधायचा एक साधा दिवा दोन्ही हात मोकळे ठेवतो. त्याला चैन म्हणायची हिंमत कोणाला होईल? डोंगराजवळच्या प्रत्येक घरात, वस्तीच्या प्रत्येक मशिदीत, शाळेत असे दोन-चार दिवे पावसाळ्याआधी चार्ज करून ठेवले तर ते वाया जाणार नाहीत.

आता कोणी मला विचारले की काय घ्यावे, तर मी असे सांगते. ड्रिल घ्यायचेच असेल तर दिवेवाले घ्या, दिवा कुठे आहे ते पाहून घ्या. मुठीत दिवा असलेल्या स्क्रू ड्रायव्हरच्या पैशात चांगल्या पोलादाचा साधा स्क्रू ड्रायव्हर येतो, तो घ्या. डोक्याचा चार्जिंगचा दिवा एक असावाच. तो प्रत्येक हत्याराला उपयोगी पडतो, आणि वीज गेली तर भाकरी थापतानाही. टेस्टर चांगला असावा, आणि तो तपासून वापरायची सवय त्याहून चांगली असावी.

आमच्या ड्रिलचे दोन हप्ते बाकी आहेत. ते घेतल्याचे मला वाईट वाटत नाही. यांचे काम आता लवकर उरकते आणि डोके कमी दुखते. पण मुलाला "तू नुसता बस" असे आता कोणी म्हणत नाही. शाळेला सुट्टी असली की तो सोबत जातो. हे काम करतात आणि तो बाजूला उभा राहून आधी वर, मग मागे, मग पायाखाली बॅटरी मारतो. सगळे ठीक आहे असे त्याने सांगितल्याशिवाय झाकणाचा पहिला स्क्रू निघत नाही.