साडेनऊचा सूर्यास्त



गेल्या वर्षी जून-जुलैत आम्ही दोघं महिनाभर लेकाकडे इंग्लंडला, लेस्टरला राहून आलो. तिकडचे स्वच्छ रस्ते, रांगा आणि शिस्त यांवर सगळ्यांनीच लिहून झालंय. मी आपलं जेवणाच्या टेबलावरचं लिहिते.

माझं लग्न होऊन मालवणात चाळीस वर्षं झाली. रात्रीभोजन त्याग माहेरापासूनचा. सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण उरकायचं. मालवणात सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमाराला आणि जूनमध्ये सातच्या पुढे. वर्षभरात फरक काय तो तासाभराचा. त्यात पावसाळ्यात सूर्य चार-चार दिवस दिसत नाही. त्यामुळे आमच्या घरात सूर्य कुणी बघत नाही, भिंतीवरचं घड्याळ बघतात. जून-जुलैत सहा वाजले की पानं, थंडीत त्याआधीच.

लेस्टरलाही मी तेच धरून बसले. सूनबाई साडेपाचला ऑफिसातून यायची, कोट काढायची आणि तशीच ओट्याशी उभी राहायची. पोळ्या, भाजी, आमटी, सगळं अर्ध्या तासात. लेक सातला यायचा, त्याचं ताट झाकलेलं. एकदा सात वर्षांची नात म्हणाली, "आजी, बाहेर बघ ना, अजून ऊन आहे. आपण बाबांसाठी का नाही थांबायचं?" मी म्हटलं, "आपला नियम आहे बाळा." सूनबाई काही बोलली नाही.

तिथे जूनच्या अखेरीला सूर्य रात्री साडेनऊला मावळतो. म्हणजे पावणेनऊपर्यंत जेवलं तरी नियम मोडत नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मनात एक अढी होती, ती आज लिहून टाकते. ही दोघं तिकडे गेल्यापासून, सहा वर्षं, मी धरून चालले होते की यांचं सगळं सुटलं असणार. निदान मी आहे तोवर घरात नीट चालू दे, असं माझं होतं.

दुसरा आठवडा. शेजारच्या इंग्रज आजींनी चहाला बोलावलं. आदल्या दिवशी त्यांनी दारात चिठ्ठी टाकली: तुम्ही काय खाता, काय खात नाही, कृपया कळवा. मला ते फार लागलं. पाहुण्याला आधी विचारायचं? आमच्याकडे शेजारच्या काकींनी मला कधी काही विचारलं नाही. सगळं त्यांना ठाऊक असतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा त्यांच्याकडे सुकं भाजतात. आधी हाक येते, "वैनी, बांगडे भाजतंय, खिडकी लावन घेवा." नागपंचमीच्या पातोळ्या आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात उकडून येतात.

सूनबाईने उत्तर लिहून दिलं: अंडं नाही, कांदा-लसूण, बटाटा नाही, जिलेटिन नाही. आजींनी बिस्किटं आणली आणि खोकं माझ्यापुढे ठेवलं, वाचून बघा म्हणून. मी बी.कॉम., ताळेबंद वाचायची सवय, त्यामुळे मला ते आवडलं. तिकडे अंडं, दूध, मासे अशा ऍलर्जीच्या चौदा पदार्थांची नावं घटकांच्या यादीत ठळक छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्यासारखा हिरवा ठिपका मात्र सक्तीचा नाही. शाकाहाराची खूण कंपनीच्या मर्जीवर असते, म्हणून यादी शेवटपर्यंत वाचावी लागते. चीजमध्ये रेनेट, गोळ्यांमध्ये जिलेटिन असू शकतं.

एक बिस्किट खाल्ल्यावर आजींनी ताटली पुढे केली. मी रीतीप्रमाणे "नको नको" म्हटलं आणि ताटली खरंच मागे गेली! दुसऱ्यांदा आग्रह नाहीच. भूक तशीच घेऊन घरी आले. नातीला हसू आवरेना.

रविवारी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन मंदिरात गेलो. जुन्या चर्चच्या इमारतीत हे मंदिर आहे, प्रतिष्ठा १९८८ सालची. एकाच छपराखाली श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय. आमच्या कोल्हापूरकडे बस्ती वेगळी, देरासर वेगळं, एकमेकांकडे जाणं क्वचितच. तिथे एक गुजराती बा भेटल्या. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून घालवलं, तेव्हा नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तुमची सून फार धीराची. थंडीत अष्टमी-चतुर्दशीला ऑफिसात तीनच्या आत डबा संपवते, मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत काही नाही.

मी गप्पच झाले. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो. दोन घटिका आधी म्हणजे तीनच्या सुमाराला. मी मालवणात चाळीस वर्षं वेळेवर जेवते, घरात, गरम, आपल्या माणसांत. ती थंडगार डबा एकटी खाते, आणि घरी येऊन लेकीला नवऱ्याला रात्रीचं वाढते.

त्या रात्री भांडी पुसताना मी तिला विचारलं, "मला कधी सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "आई, फोनवर काय सांगायचं? मिरवल्यासारखं वाटलं असतं. आणि महिन्यातले चारच दिवस जमतं. बाकीचे नाही जमत."

तेही तिने लपवलं नाही. सहा वर्षं दर रविवारी फोन होत होता. हवा काय म्हणते, नात काय म्हणते, हे विचारलं. तुझं जेवणखाण, तुझे नियम कसे सांभाळतेस, हे मी एकदाही विचारलं नाही. शेजारच्या परक्या बाईने दोन आठवड्यांत विचारलं, त्याचा मात्र मला राग आला होता. काकींना माझं सगळं माहीत आहे, ते चाळीस वर्षं भिंतीला भिंत लागून आहे म्हणून. चार-पाच हजार मैलांवरून न विचारता कसं कळणार?

क्षमावाणीला अजून दोन महिने होते. मी थांबले नाही. तिथेच ओट्याशी तिला म्हटलं, "माझं चुकलं. मनात फार वाईट धरून बसले होते." तिने भांडं खाली ठेवलं आणि मला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून पान आठला. लेकासकट सगळे एकत्र, खिडकीत ऊन. मी घरून नेलेल्या आमसुलांची, लसूण न घालता केलेली सोलकढी नातीने दोन वाट्या प्यायली.

तुमच्यापैकी कुणी लेका-सुनेकडे जाणार असाल तर आमसुलं, भाजणी, कुळथाचं पीठ जरूर न्या. तिथल्या सूर्यास्ताची वेळ मोबाईलवर बघून घ्या. आणि पोचल्यावर पहिल्या दिवशी सुनेला विचारा, "तू कसं करतेस?" मग तिच्याबरोबर करा.

उत्तम क्षमा.