उच्छ्वासाची वाट

इंजिनाबद्दल बोलताना आपण बहुधा आत जाणाऱ्या गोष्टींबद्दलच बोलतो. पेट्रोल कुठल्या पंपावरचं, ॲव्हरेज किती, एअर फिल्टर कधी बदलला. बाहेर पडणाऱ्या धुराशी आपला संबंध पीयूसीच्या कागदापुरता. मला मात्र गाडी कळत गेली ती मागून, सायलेन्सरच्या काळवंडलेल्या तोंडापासून पुढे सरकत सरकत.

आमची झेन पहिल्या पिढीतली, कार्ब्युरेटरवाली. मारुतीनं १९९३ साली आणलेल्या या छोट्या गाडीत ९९३ सीसीचं, चार सिलिंडरचं ॲल्युमिनियमचं इंजिन होतं. ताकद सुमारे ५० अश्वशक्ती. आमची ही गाडी आता रस्त्यावर धावत नाही. टेम्पोत चढून शहराबाहेर जाते आणि मातीच्या मैदानात ऑटोक्रॉससाठी, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीसाठी, उतरते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे सांगते तसले बदल रस्त्यावरच्या गाडीत करायला निघालं की मोटार वाहन अधिनियमाचं कलम ५२ आडवं येतं, आणि ते यायलाच हवं.

पुण्यातल्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. तिथल्याच एका गल्लीतल्या वस्तादांनी पहिल्या दिवशी गाडीखाली बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, मागून पुढे यायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम टाकलंत, तर कशानं काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही."

पहिला टप्पा मागच्या डब्याचा, म्हणजे सायलेन्सरचा. कंपनीच्या डब्यात धूर पडद्यापडद्यांतून वळसे घेत, आवाज जिरवत बाहेर येतो. त्या जागी आम्ही भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल असलेला डबा बसवला. आवाज एकदम जाड झाला, छातीत उतरला. मैदानावरची वेळ मात्र जवळपास होती तीच राहिली. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, ही समजूत तिथंच गळून पडली. टप्प्याटप्प्यानं गेलो नसतो, तर ती मनात तशीच राहिली असती.

दुसरा टप्पा मधल्या पाइपचा. गॅरेजमधल्या पोरांना अडीच इंची नळी हवी होती. वस्तादांनी मान हलवली. एवढ्याशा इंजिनाला एवढी रुंद वाट दिली तर धूर रेंगाळतो, त्याचा वेग पडतो, आणि कमी आरपीएमला गाडीची ओढ जाते. मातीत वळण संपताना दुसऱ्या गिअरमध्ये नेमकी तीच ओढ लागते. मग मूळच्या नळीपेक्षा जेमतेम मोठी नळी घेतली आणि बेंड मात्र कुठंही चेपणार नाहीत असे काढून घेतले. वाट रुंद असण्यापेक्षा ती सलग असणं महत्त्वाचं, हे बोटांनी पाइप चाचपताना पटलं.

आणि मग हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा धूर इंजिनाच्या दारातच गोळा करणाऱ्या नळ्या. या कामाचा खरा जीव तिथं आहे.

कंपनीनं त्या जागी दिलेला मॅनिफोल्ड बिडाचा, आखूड आणि जड. चारही सिलिंडरचा धूर त्यात जवळजवळ दारातच एकमेकांवर आदळतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेट घेण्याचा क्रम, १-३-४-२. इंजिन ६,००० आरपीएमवर असताना एक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा पेट घेतो, म्हणजे चौघं मिळून २०० वेळा. दोन उच्छ्वासांमध्ये उरतात जेमतेम ५ मिलिसेकंद. व्हॉल्व्ह उघडताच दाबलेला धूर उसळून नळीत शिरतो आणि त्याच्या पुढं दाबाची एक लाट ध्वनीच्या वेगानं धावते. नळ्या जिथं एकत्र येतात तिथं पोचली की ती उलटते, आणि परत येताना ओढ घेऊन येते. नळीची लांबी बरोबर जमली, तर ही ओढ नेमकी त्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचते जेव्हा धुराचं दार मिटत असतं आणि ताज्या हवेचं उघडत असतं. उरलासुरला धूर ती खेचून नेते आणि नवी हवा आत ओढते. लांब नळ्यांचा फायदा कमी आरपीएमला, आखूड नळ्यांचा चढ्या आरपीएमला.

आम्ही चार-दोन-एक अशी रचना निवडली. पहिला आणि चौथा सिलिंडर एका नळीत, दुसरा आणि तिसरा दुसऱ्या नळीत, मग दोन्हींची एक. या जोड्यांमध्ये एकाचा उच्छ्वास दुसऱ्याच्या उच्छ्वासाला धक्का देत नाही. दोघांमध्ये क्रँकचा बरोबर एक पूर्ण फेरा जातो. वस्ताद प्रत्येक नळीत सुतळी ओवून लांबी मोजत होते. गंजलेले स्टड रात्रभर तेलात भिजवून ठेवले होते. फ्लँज घासून सपाट केली, गास्केट नवं घातलं, आर्गन वेल्डिंगचे सांधे आतूनही गुळगुळीत केले. पहिल्यांदा इंजिन तापलं तेव्हा नळ्यांवर पिवळट, मग जांभळा, मग निळा रंग चढत गेला.

उच्छ्वासाच्या या हिशेबावरून मला प्राणायाम आठवतो. पुण्यातच मॉडेल कॉलनीत १९७५ पासून रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी आहे. बी. के. एस. अय्यंगारांनी तिथं प्राणायाम शिकवला तो आसनं पक्की झाल्यावर, पायरीपायरीनं. रेचक, म्हणजे श्वास सोडणं, पुरा झाला की पूरकासाठी, म्हणजे श्वास घेण्यासाठी, छाती फुगवावी लागत नाही; जागा झालेली असते, श्वास आपण होऊन येतो. इंजिनाबद्दल मला सांगायचं आहे ते एवढंच. त्याला जास्त खाऊ घालण्याआधी त्याचा उच्छ्वास मोकळा करावा, आणि तोही मोजून.

उच्छ्वास मोकळा झाला तशी भूकही बदलली. स्पार्क प्लग काढून पाहिले तर टोकं पांढरट. हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडत होतं. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट एक माप मोठा घातला. टोकांवर बिस्किटासारखा तपकिरी रंग येईपर्यंत हा शेवटचा टप्पा चालला. मग मैदानात वळण सुटताना गाडीनं जी उचल घेतली, ती आवाजात नव्हती, पाठीला टेकलेल्या सीटमध्ये होती.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. देशभरातल्या गाड्यांच्या धुराचं आणि आवाजाचं माप जिथं घेतलं जातं, तिथल्याच शेजारच्या पायवाटांवर सकाळी पुणेकर मोकळी हवा घ्यायला येतात. त्या टेकडीवर मी कितीदा तरी चालले आहे, आणि दर वेळी ही शेजारधर्माची गोष्ट मनात भरते. एकाच्या धुराशेजारी दुसऱ्याचा श्वास असतोच. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल ही कायद्यानं घातलेली मर्यादा आहे. तिच्यामागे कुणाचं तरी झोपलेलं बाळ आहे, कुणाचा तरी तापानं फणफणलेला म्हातारा आहे. आमचं मैदानही एका वस्तीला लागून आहे. म्हणून हेडर बसल्यावर मधल्या पाइपवरचा आवाज जिरवणारा रेझोनेटर कायम ठेवला आणि मागच्या डब्यात ग्लासवूल आणखी दाट भरून घेतलं. ताकद तसूभरही कमी झाल्याचं जाणवलं नाही.

गॅरेजवर तरुण मुलं येतात, मोबाइलवर एखाद्या गाडीची गर्जना ऐकवतात आणि "अस्साच आवाज पाहिजे" म्हणतात. त्यांचा उत्साह मला मनापासून आवडतो. त्यांना मी सांगते: रस्त्यावरच्या गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नका, त्यातलं प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम शेजाऱ्याच्या फुफ्फुसांसाठी राबतं. मैदानाची वेगळी गाडी असेल तर आधी तिची फायरिंग ऑर्डर पाठ करा, नळीची लांबी मोजायला शिका, एका वेळी एकच भाग बदला आणि प्रत्येक बदलानंतर घड्याळ लावा. इतकं केलंत की आवाज कसा हवा हे तुम्हीच ठरवाल, आणि तो आज मागताय त्याहून बराच कमी असेल.