सत्तावीस श्वास



कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार म्हणायचा, तो सत्तावीस श्वासोच्छ्वासांत. एका णमोकाराला तीन श्वास. मला लहानपणापासून दमा आहे, तरी हे जमायचं. शिवाय श्वास ओढायच्या उपकरणावर रोज व्यायामही करत होते. त्यामुळे आपली फुप्फुसं आता ठणठणीत, असं मी धरूनच चालले होते.

गेल्या दशलक्षणात दहा दिवस एकाशन धरलं. इनहेलर घेतल्यावर चूळ भरावी लागते, आणि जेवून उठल्यावर तोंडात पाणी घ्यायचं नाही. म्हणून संध्याकाळचा पफ सोडला. सातव्या दिवशी एका णमोकाराला पाच श्वास लागले. घरातल्या पीक फ्लो मीटरमध्ये फुंकलं. माझा सर्वांत चांगला आकडा ३८०. काटा २६० वर थांबला. आपल्या चांगल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेलं की सावध व्हायचं, हे पाठ होतं. घाबरून डॉक्टरांकडे गेले.

"रोज व्यायाम करते, मग असं कसं?" मी विचारलं.

त्यांनी समजावलं, की श्वास ओढणारे स्नायू वेगळे आणि हवेच्या नळ्या वेगळ्या. व्यायामाने स्नायूंना बळ येतं, पण नळ्यांची सूज औषधानेच उतरते. नळ्या आवळल्या की हवा आत अडकते, छाती फुगलेली राहते आणि श्वासपटल सपाट होतं. मग स्नायू कितीही बळकट असला तरी त्याला नीट ओढता येत नाही.

मला आजीची चुलीजवळची फुंकणी आठवली. आत राख अडकली असेल, तर कितीही जोरात फुंका, जाळ धरत नाही.

त्याच संध्याकाळी पफ घेतला. नियम मोडला म्हणून सासूबाई बोलतील, असं वाटत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सोळाकारण भावनांत शक्तितस्तप आहे ना? मग आपली शक्ती किती, ते आधी पाहायला नको का?"

यंदा एकाशन नाही. दोन वेळा जेवण, सूर्यास्ताआधी पफ, चूळ, आणि त्यानंतर काही नाही. मीटरचा आकडा रोज कॅलेंडरवर लिहिते. काल ३७० होता, आणि णमोकार तीन श्वासांत झाला.

तुमच्या घरी कुणाला दमा असेल, तर व्रत घेण्याआधी डॉक्टरांशी जरूर बोला. औषध मात्र सोडू नका.