तेच गाणे, दुसऱ्यांदा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्ही एका तुकडीतील चौघे जण पुन्हा एकत्र बसलो. गुरुजनांविषयी, भोजनगृहाविषयी, पहाटेच्या थंड पाण्याविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. आम्ही मात्र एका परदेशी गाण्याविषयी लिहिण्याचे ठरविले. त्या गाण्याचे आमच्यावर ऋण आहे. आणि पुढे शहाणपणाच्या भरात आम्ही त्याच्यावर अन्यायही केला आहे.

साल १९८७. आम्ही दहावीत होतो. आमच्यापैकी एकाचे मामा जहाजावर नोकरीस होते. त्यांनी आणलेल्या एका कॅसेटवर 'डोन्ट लीव्ह मी धिस वे' हे गाणे होते. गाणारे 'द कम्युनार्ड्स'. शनिवारी सायंकाळची वंदना आणि जेवण आटोपले की अधीक्षकांच्या परवानगीने अर्धा तास टेपरेकॉर्डर लावता येई. शब्द आम्हांस कळत नव्हते, ठेका तेवढा कळत होता. सभागृहाच्या फरशीवर आम्ही घामाघूम होईपर्यंत नाचत असू. गाण्यातला तो उंच, पातळ स्वर एखाद्या बाईचाच असणार, याविषयी आमच्यात दुमत नव्हते.

एका शनिवारी इंग्रजीचे सर दाराशी उभे राहून ऐकत होते. गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, "अरे, तो काय म्हणतो आहे ते कळते का तुम्हांला?" कोणीच बोलेना. मग सरांनीच मराठीत सांगितले, "मला असे सोडून जाऊ नकोस."

सभागृह क्षणभर गप्प झाले. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाने हे वाक्य जून महिन्यात कधीतरी म्हटलेले असते. फाटकाशी पत्र्याची ट्रंक ठेवलेली असते, वडिलांना परतीची एस.टी. गाठायची असते, आणि ते मागे वळून न पाहता चालू लागतात. त्या वर्षी पाचवीत आलेला एक मुलगा तर दिवाळी जवळ आली तरी एस.टी.च्या वेळेला फाटकाजवळ जाऊन उभा राहत असे. पुढच्या शनिवारी तोच आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "दादा, ते सोडून जाऊ नको लावा ना." त्या रात्री सर्वांत जास्त तो नाचला. आम्हांस मौज वाटली. त्यापलीकडे आम्ही काही विचार केला नाही.

महाविद्यालयात गेल्यावर आमच्यातील एकास मुंबईत जुन्या तबकड्यांच्या ढिगात त्याच नावाचे गाणे सापडले. ते 'हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स' या कृष्णवर्णीय गायकसमूहाचे होते. केनी गॅम्बल, लिऑन हफ आणि कॅरी गिल्बर्ट यांची ही मूळ रचना १९७५ साली फिलाडेल्फिया येथे त्यांच्या 'वेक अप एव्हरीबडी' या संचात प्रसिद्ध झाली होती, आणि १९७७ साली ब्रिटनच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत ती पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती. आफ्रिकी-अमेरिकन चर्चमधील गायनातून ज्याची वाढ झाली, त्या 'सोल' संगीताचे हे गाणे. मुख्य गायक टेडी पेंडरग्रास. कडव्यात तो आवाज आवरून धरतो, जणू बोलायचे की नाही हेच ठरलेले नाही. ध्रुवपदाशी मात्र तो आवाज फुटतो आणि मोठा माणूस मान बाजूला ठेवून विनवणी करू लागतो.

दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघांनी ते एकत्र ऐकले आणि आमचा निकाल ठरून गेला. खरे गाणे हे. आपण ज्यावर नाचलो ती नक्कल. दुःखाला ठेका लावून विकण्याचा व्यापार. आपण नाचलो याची आम्हांस लाज वाटली. पुढे कित्येक वर्षे आम्ही हेच मत ऐटीत सांगत राहिलो.

हा निकाल चुकीचा होता, हे हळूहळू ध्यानात आले. पहिली गोष्ट अशी की, ठेका बाहेरून आणून चिकटविलेला नव्हता. याच ब्लू नोट्सच्या १९७३ सालच्या 'द लव्ह आय लॉस्ट' या गाण्यात अर्ल यंग यांनी जे ड्रमवादन केले, ते डिस्को ठेक्याच्या उगमांपैकी एक मानले जाते. तेही गाणे गमावलेल्या प्रेमाचेच होते. म्हणजे शोक आणि नाच एकाच घरात वाढले होते. दुसरी गोष्ट, कम्युनार्ड्स हे पहिले पुनर्गायन नव्हे. मोटाउन कंपनीसाठी थेल्मा ह्यूस्टन यांनी १९७६ साली तेच गाणे गायिले आणि एप्रिल १९७७ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. एका पुरुषाची विनवणी एका स्त्रीच्या कंठात गेली आणि तिच्यात मागणीचा, अधिकाराचा सूर आला.

तिसरी गोष्ट कळली, तेव्हा आम्ही खरोखर खजील झालो. आम्ही ज्याला बाईचा समजत होतो तो उंच स्वर ग्लासगोच्या जिमी सॉमरव्हिल यांचा होता. आणि खर्जातला भरदार आवाज सॅरा जेन मॉरिस या गायिकेचा. सॉमरव्हिल आणि त्यांचे वाद्यसाथी रिचर्ड कोल्स हे दोघेही समलिंगी असल्याचे उघडपणे सांगणारे. १९८६ साली त्यांचे हे गाणे ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि त्या वर्षी तेथे सर्वाधिक खपले. पण तीच वर्षे एड्सची होती. ज्या नृत्यगृहांत ते वाजत होते, तेथील तरुण एकेक करून नाहीसे होत होते. खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या संपात त्यांच्यासाठी निधी उभारणारे मार्क ॲश्टन हे त्यांचे मित्र. ते फेब्रुवारी १९८७ मध्ये अवघ्या सव्विसाव्या वर्षी एड्सने वारले. कम्युनार्ड्सनी त्यांच्यासाठी 'फॉर अ फ्रेंड' हे गाणे केले. पुढे १९९४ साली कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनाने एड्सविषयक कलेचे प्रदर्शन भरविले, तेव्हा त्याला नाव दिले ते याच गाण्याचे.

म्हणजे शब्द तेच राहिले, पण ते म्हणणारे बदलले. फिलाडेल्फियात एक माणूस एका व्यक्तीला उद्देशून ते म्हणत होता. दहा-अकरा वर्षांनी तेच शब्द खोलीभर माणसे एकदम म्हणू लागली, तीही अशा माणसांसाठी, ज्यांना परत बोलावणे कोणाच्याच हाती नव्हते. अशा वेळी माणसे एकटी बसून रडतात, हे खरे; पण एकत्र येऊन नाचतात, हेही तितकेच खरे. त्या नाचाला आम्ही उथळ म्हटले होते. ज्यांच्या जिवावर बेतले होते, त्यांना तो उथळ वाटला नव्हता.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थी मेळाव्यात तो पाचवीतला मुलगा भेटला. आता तो स्वतः शिक्षक आहे, कानशिलावर केस पिकले आहेत. आम्ही त्याला गाण्याची ही सारी हकिगत ऐकविली आणि मूळ गाणेही मोबाइलवर लावून दिले. त्याने ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकले, चांगले आहे म्हणाला. मग म्हणाला, "पण दादा, हे त्या वेळी ऐकले असते तर मी पळून घरी गेलो असतो. फाटकाशी ते वाक्य मी एकट्यानेच म्हटले, असे मला वाटत होते. त्या शनिवारी तुम्ही पंचवीस-तीस जण तेच ओरडून म्हणत नाचत होता. मग मला जेवण जाऊ लागले."

आम्ही यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखे उरलेही नव्हते.

येत्या जूनमध्ये पुन्हा फाटकाशी ट्रंका उतरतील. जे विद्यार्थी आज वरच्या वर्गांत आहेत, त्यांस आमची एवढीच विनंती आहे. शनिवारच्या त्या अर्ध्या तासात काय लावावे, हे तुमचे तुम्ही ठरवा. त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. फक्त सभागृहाच्या दाराशी कोणी लहान मुलगा उभा असेल, तर त्यास आत बोलवा.