शेवटचा बदल

"तुझ्या बाबांचे हात थरथरायलेत रे. गाडी नीट धरवत नाही त्यांना," आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसमध्ये होतो. बाबा एकसष्ट वर्षांचे. घरची आणि भावकीची हळद पिकअपमध्ये भरून वसमतच्या बाजारात नेतात. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं : गाडी विकायची.

शनिवारी गावी गेलो. विषय काढला तर बाबा एवढंच म्हणाले, "हात नाही, स्टेअरिंग हलायलंय. तू चालवून बघ."

आमच्या हिंगोलीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ताही मग लाटांसारखा होतो. सपाट पट्ट्यात स्टेअरिंग गप्प होतं. उंचवटा आला की माझ्याही हातात हिसका बसायचा. माझं वय अठ्ठावीस.

मिस्त्रींनी मला सीटवर बसवून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायला लावलं. स्वतः खाली झोपून एकेका जॉइंटवर हात ठेवला. कुठेच प्ले नव्हता. मग खालूनच विचारलं, "पुढं जादा पाटा कधी टाकला?"

दिवाळीत. मीच टाकायला लावला होता. माल भरला की गाडी पुढून बसते म्हणून. पैसेही मीच दिले होते.

चाक वरखाली होताना एक्सल पाट्यांबरोबर एका कमानीत फिरतो, स्टेअरिंग बॉक्सकडून येणारी ड्रॅग लिंक दुसऱ्या कमानीत. दोन्ही जुळल्या तर ठीक. जादा पाट्याने गाडी पुढून उचलली गेली, लिंक तिरकी झाली आणि प्रत्येक धक्क्याला चाक न् स्टेअरिंग एकमेकांना ओढू लागले. याला बम्प स्टिअर म्हणतात.

ऑफिसात बग आला की मी पहिल्यांदा शेवटचा बदल कोणता, ते बघतो. घरी मात्र थेट माणसावर बोट ठेवलं होतं.

पाटा काढला. परतताना बाबांनी गाडी चालवली. उंचवटे आले, गेले, स्टेअरिंग जागेवर राहिलं. रस्त्यात चहाला थांबलो, तेव्हा त्यांच्या हातातली कपबशी किंचित वाजली. आईचंही अगदीच खोटं नव्हतं.

"डॉक्टरला दाखवू या का एकदा?" मी विचारलं.

"दाखवू की," बाबा म्हणाले. "गाडी मी चालवतो."

मी किल्ली त्यांच्याकडे सरकवली.