हेडची निवड

लोखंडाशी बेळगावचे नाते जुने आहे. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच गावात सायकलींचे दुकान थाटले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर येथेच घडले. 1910 मध्ये हा सारा संसार औंध संस्थानातील माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीस गेला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. ती केव्हाच विरून गेली. किर्लोस्कर गेले तरी गावाचा लोखंडाशी घरोबा सुटला नाही. आज उद्यमबाग आणि मच्छे परिसरातील फाउंड्र्यांत इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात.

हेड ही वस्तू पाहणाऱ्याला झाकणासारखी दिसते. पण हवा आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे मार्ग, पाणी खेळण्याच्या वाटा, व्हॉल्व्हच्या बैठका, ठिणगी पडण्याची कोठडी हे सारे तिच्या पोटात असते. ओतताना या पोकळ्यांच्या जागी वाळूचे कोअर बसवतात. धातू थिजला की वाळू झाडून टाकतात. जे काढून टाकले, त्यातच या वस्तूचे मोल असते. आम्हां तिघा मित्रांपैकी एकाने असे साचे करण्यात उमेद घालवली, दुसऱ्याने तंत्रनिकेतनात यंत्रे शिकवली आणि तिसऱ्याने पुस्तकांखेरीज काही केले नाही. म्हणून निपाणीकडील एक तरुण शर्यतीच्या इंजिनासाठी सल्ला विचारायला आला, तेव्हा आम्ही तिघेही आपापल्या कारणाने उत्सुक झालो.

तरुणाचे घर तंबाखूच्या शेतीचे. वडील नाहीत. मित्रांबरोबर महामार्गावर रात्री गाड्या पळवण्याचा नाद त्याला लागला होता. तवंदी घाटात त्यातील एका मित्राचा पाय कायमचा अधू झाला. त्यानंतर आईने बोअरवेलसाठी साठवलेले दोन लाख रुपये त्याच्यापुढे ठेवले आणि अट घातली : गाडी पळवायची तर बंदिस्त जागी, शर्यतीच्या नियमांनी, रस्त्यावर पुन्हा कधीही नाही. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या हवाई पट्टीवर 2010 नंतरच्या दशकात पाव मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या शर्यती भरू लागल्या होत्या. अशाच एखाद्या पट्टीवर उतरण्याचे त्याच्या मनात होते. पैसा एकदाच मिळणार होता. इंजिन फुटले तर विहीरही गेली आणि शब्दही गेला, हे त्याच्याइतकेच आम्हालाही ठाऊक होते.

गाडी वडिलांची जुनी एस्टीम. 1994 ते 2007 या काळात मारुतीने ही गाडी विकली. तिचे इंजिन 1,298 घनसेंटिमीटरचे, सिलिंडरचा व्यास 74 मिलिमीटर, स्ट्रोक 75.5. या गाडीवर आठ व्हॉल्व्हचे हेड होते. पर्याय तीन होते : तेच हेड घासूनपुसून वापरणे; नंतरच्या गाडीचे सोळा व्हॉल्व्हचे हेड बसवणे; किंवा एका मोठ्या शहरातील विक्रेत्याने दाखवलेले, पोर्ट कोरून रुंद केलेले आणि मोठे व्हॉल्व्ह घातलेले तयार हेड घेणे. या तिसऱ्याची किंमत हाती असलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक होती, आणि तरुणाचे मन त्यावरच जडले होते. "काका, मोठ्ठंच घालूया की! एकदाच घालायचं तर कमी कशाला?" असे तो म्हणे.

उद्यमबागेतील ज्या मिस्त्रींकडे काम द्यायचे होते, ते रागावले की कानडीत बोलत आणि समजावताना मराठीत. त्यांनी मराठीतच विचारले, "गिअर बदलल्यावर इंजिन किती फेऱ्यांवर उतरतंय, बघितलास काय?"

त्या प्रश्नाने आमच्या चर्चेला वळण मिळाले. गिअरपेटीतील पहिला गिअर 3.42 चा, दुसरा 1.89 चा आणि तिसरा 1.28 चा. मिनिटाला 7,000 फेऱ्यांवर पहिला सोडून दुसरा टाकला, तर इंजिन सुमारे 3,900 वर येते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सुमारे 4,700 वर. म्हणजे पाव मैलाच्या धावेत इंजिनाला या साऱ्या पट्ट्यात जोर धरावा लागतो, केवळ शिखरावर नव्हे. रुंद पोर्टमधून जास्त हवा जाऊ शकते हे खरे. परंतु फेऱ्या कमी असताना तिचा वेग मंदावतो, पेट्रोल नीट मिसळत नाही आणि सिलिंडर अर्धवट भरतो. विक्रेत्याने सांगितलेली अश्वशक्ती खोटी नसेलही. ती ज्या फेऱ्यांवर मिळत होती, तेथे ही गाडी फार थोडा वेळ राहणार होती. शिवाय त्या हेडचे चीज करायचे तर फेऱ्याही वाढवाव्या लागल्या असत्या. 7,000 फेऱ्यांनाच या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 17.6 मीटर होतो. त्यापुढे जायचे तर कनेक्टिंग रॉड, त्यांचे बोल्ट, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा असे सारेच बदलणे आले.

सोळा व्हॉल्व्हचे हेड ठरले. व्हॉल्व्ह लहान, पण संख्येने दुप्पट. त्यामुळे हवेचा वेग न गमावता वाट मोठी होते. मात्र हेड एकटे येत नाही. आठ व्हॉल्व्हच्या पिस्टनवरील खाचा या हेडला जुळत नाहीत, म्हणून पिस्टनही त्याच जोडीचे घेतले. जुन्या बाजारातले हेड प्रथम पाण्यात बुडवून, आत हवा भरून तपासले. बुडबुडे आले नाहीत तेव्हाच पैसे मोजले. चारही कोठड्यांत बुरेटने द्रव सोडून माप घेतले. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे 324.7 घनसेंटिमीटर, दाबाचे प्रमाण नऊवरून दहावर न्यायचे, तर वरची एकूण जागा 40.6 वरून 36.1 वर आणावी लागते. हा फरक साडेचार घनसेंटिमीटरचा, चहाच्या एका चमच्याहूनही कमी. तेवढ्यासाठी हेड तासले. पण हेड तासले की कॅमशाफ्ट खाली येतो, पट्ट्याची ताणलेली बाजू आखूड होते आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागे पडते. म्हणून कॅमची पुली सरकवता येईल अशी केली. कॅम मध्यम निवडला. पिस्टनवर मऊ मातीचा थर देऊन इंजिन हाताने फिरवले, आणि मातीत उमटलेल्या ठशाची जाडी मोजून व्हॉल्व्ह पिस्टनला शिवत नाही याची खात्री केली. धुराच्या चार नळ्या समान लांबीच्या करून घेतल्या. पोर्ट कोरले नाहीत. गास्केट आणि मॅनिफोल्डची तोंडे तेवढी एकमेकांशी जुळवली.

या कामात दीड महिना गेला. तरुणाला आरंभी ते कंटाळवाणे वाटे. पुढे बुरेट त्याच्या हाती आले आणि वहीत आकडे मांडण्याचे काम त्यानेच घेतले. तिसऱ्या सिलिंडरचे माप इतरांहून पाऊण घनसेंटिमीटर जास्त आहे, हे आमच्या ध्यानात येण्याआधी त्यानेच दाखवले. त्या दिवशी मिस्त्रींनी प्रथमच त्याच्यासाठी चहा मागवला.

पट्टीवर गाडी चार वेळा धावली. क्रमांक आला नाही. तिच्याहून दुप्पट मोठ्या इंजिनांच्या गाड्या तेथे होत्या. पण चारही वेळांतील अंतर पाव सेकंदाच्या आत राहिले, तापमानाचा काटा स्थिर होता, आणि तो तीच गाडी चालवत निपाणीला परतला. दोन लाखांतील पंच्याहत्तर हजार शिल्लक होते. त्यात थोडी भर घालून पुढच्या उन्हाळ्यात बोअरवेल खोदली गेली.

पंप निवडताना दुकानदाराने मोठ्या अश्वशक्तीची मोटर पुढे केली, असे त्याच्या आईने आम्हाला सांगितले. मुलाने आधी विहिरीची खोली, पाण्याची आवक आणि नळीचा व्यास विचारला, वहीत हिशेब मांडला आणि लहान मोटर घेतली. महामार्गाचे नाव त्यानंतर त्या घरात निघाले नाही. माउली म्हणाल्या, "पाणी बारमाही येतंय बघा." आम्हाला त्या शर्यतीचा निकाल तेव्हा कळला.