सतलजच्या काठाकाठाने

चंदीगडची सहल म्हणजे रॉक गार्डन, सुखना तलाव आणि मग थेट शिमला, हे अगदी ठरलेलं. पण यंदा तीन-चार कुटुंबं मिळून निघणार असाल, तर शिमल्याचा घाट सोडा आणि सतलजचा काठ धरा. दोन कॅराव्हॅन भाड्याने घेतल्या तर आजी-आजोबांना पाठ टेकायला जागा मिळते, बाथरूमची चिंता मिटते आणि वाटेत मन होईल तिथे चहा टाकता येतो. तीन दिवस पुरेसे आहेत.

पहिला दिवस : रोपड

चंदीगडहून तासाभरात तुम्ही रोपडला, म्हणजेच रूपनगरला पोहोचता. स्वातंत्र्यानंतर भारतात उत्खनन झालेलं हे पहिलं हडप्पाकालीन ठिकाण. इथल्या पुरातत्त्व संग्रहालयातली मातीची भांडी मुलांना आवर्जून दाखवा. माणसासोबत पुरलेला कुत्राही इथे सापडला होता, हे सांगितलंत तर मुलं नक्की रेंगाळतील. याच गावी १८३१ मध्ये महाराजा रणजितसिंह आणि गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक यांची भेट झाली होती.

रोपड आणि किरतपूरच्या मध्ये सरसा नदीजवळ परिवार विछोडा गुरुद्वारा आहे. आनंदपूर सोडताना पूर आलेल्या सरसेने गुरू गोविंदसिंगांच्या कुटुंबाची ताटातूट केली. आई आणि दोन धाकटी मुलं एकीकडे, गुरू आणि दोन थोरली मुलं दुसरीकडे. ते सगळे पुन्हा कधीच एकत्र आले नाहीत. सगळं घर बरोबर घेऊन निघालेल्या माणसाला इथे गलबलून येतं.

दुसरा दिवस : आनंदपूर साहिब

गुरू तेगबहादुरांनी १६६५ मध्ये वसवलेलं हे गाव. १६९९ च्या बैसाखीला इथेच खालसा पंथाची स्थापना झाली. मराठी माणसासाठी ही वाट थेट नांदेडला पोहोचते, कारण गुरू गोविंदसिंगांचं १७०८ मध्ये गोदाकाठी नांदेडलाच निर्वाण झालं. 'विरासत-ए-खालसा' हे संग्रहालय पाहायला तीन तास तरी ठेवा. ते सोमवारी बंद असतं.

जुन्या गल्ल्यांमध्ये कॅराव्हॅन नेऊ नका. बाहेरच्या पार्किंगमध्ये लावून चालत जा. डोकं झाकायला प्रत्येकाजवळ रुमाल किंवा ओढणी हवी. लंगरमध्ये जेवलात तर नंतर भांडी घासायला हात लावा. मुलांना ते फार आवडतं.

तिसरा दिवस : भाक्रा आणि बिलासपूर

नंगलहून भाक्रा धरण जवळ आहे. आत जायला परवानगी लागते, म्हणून सगळ्यांची ओळखपत्रं बरोबर ठेवा. २२६ मीटर उंचीचं हे धरण १९६३ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. ते पाहून किरतपूरला परत या आणि तिथून बिलासपूरचा मोठा रस्ता घ्या. मोठ्या गाडीला हाच रस्ता सोयीचा.

बिलासपूर ही कहलूर संस्थानाची राजधानी. पण तुम्ही पाहता ते गाव नवं आहे. जुनं गाव, त्याचा बाजार, वाडे आणि देवळं धरणामागच्या गोविंदसागरात बुडाली. अनेक कुटुंबांना दूर हिस्सारकडे जमिनी देण्यात आल्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळातून जुन्या मंदिरांची शिखरं वर येतात. उजनीच्या पाण्यातून डोकं काढणारं पळसदेवचं देऊळ पाहिलं असेल, तर हे दृश्य तुम्हाला अनोळखी वाटणार नाही.

ही शिखरं पाहायची तर पावसाळ्यापूर्वी, साधारण मे महिन्यात जा. ऊन टाळायला पहाटे निघा. गाळात मात्र उतरू नका, पाय रुतण्याची भीती असते. काठावरच बसा आणि एखादे वयस्कर गृहस्थ भेटले तर त्यांचं जुनं घर कुठे होतं, ते विचारा. बरेचदा हात पाण्याकडेच जातो.

संध्याकाळी चंदीगडला परताल तेव्हा रस्त्यांवर दिवे लागलेले असतील. या शहराला भाक्राची वीज मिळते. मुलांना ते जरूर सांगा, आणि त्या पाण्याखाली एक गाव आहे, हेही.